पंचनाम्याची वाट न पाहणारे प्रत्युत्तर

२९ जुलै २०२५ रोजी लोकसभेत 'ऑपरेशन सिंदूर'वरील चर्चेत बोलताना केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एक तपशील सांगितला. आदल्या दिवशी श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात तीन दहशतवादी मारले गेले होते. त्यांच्याजवळ सापडलेल्या रायफली विशेष विमानाने चंडीगडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेण्यात आल्या. तेथे रात्रभर त्यांतून चाचणी गोळीबार करण्यात आला आणि उडालेल्या पुंगळ्या पहलगामच्या बैसरन पठारावरून जप्त केलेल्या पुंगळ्यांशी ताडून पाहण्यात आल्या. त्या जुळल्या. बैसरनचे मारेकरी हेच, हे त्या पहाटे निश्चित झाले. सभागृहातील चर्चेचा रोख मात्र वेगळ्याच प्रश्नांवर होता. शस्त्रसंधी कोणाच्या सांगण्यावरून झाली आणि अमेरिकेच्या अध्यक्षांचे दावे सरकार थेट का नाकारत नाही, यावरच विरोधकांचा भर होता.

तारखांचा हिशेब मांडला, तर चंडीगडच्या त्या रात्रीचे महत्त्व ध्यानात येते. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलचा. त्यात २६ जणांचा बळी गेला आणि त्यांतील सहा जण डोंबिवली, पुणे व पनवेलचे होते. सिंधू जलकराराला स्थगिती आणि अटारीची सीमा बंद करण्याचा निर्णय दुसऱ्याच दिवशी झाला. पाकिस्तानातील व पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ ठिकाणांवर ७ मेच्या पहाटे, म्हणजे पंधराव्या दिवशी, प्रहार झाला. मारेकऱ्यांना आश्रय देणाऱ्या दोन स्थानिकांची अटक राष्ट्रीय तपास संस्थेने २२ जूनला जाहीर केली आणि खुद्द मारेकरी गाठले गेले ते ९७ व्या दिवशी. लष्कराचे उत्तर पुरावा हाती येण्याच्या कितीतरी आधी दिले गेले. हा क्रम चुकीचा होता, असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. शेजारच्या देशातील दहशतवादी तळांचे पत्ते ठाऊक असण्यासाठी बैसरनच्या पुंगळ्यांची गरज नव्हती. परंतु गेल्या पाव शतकात लष्करी उत्तराचा वेग ज्या गतीने वाढला, त्या गतीने देशांतर्गत तपासाची यंत्रणा का वाढली नाही, हा प्रश्न यानंतर टाळता येणार नाही.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, तेव्हा लष्करी उत्तर म्हणजे संपूर्ण फौज सीमेवर उभी करणे, एवढाच अर्थ आपल्याला ठाऊक होता. 'ऑपरेशन पराक्रम'च्या नावाने सुमारे पाच लाख सैनिक पश्चिम सीमेकडे रवाना झाले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी 'आर-पार'ची भाषा केली. पण आघाडीवरील प्रहारक कोअर आपल्या छावण्यांतून सीमेपर्यंत पोहोचण्यास जवळपास तीन आठवडे लागले. तोवर वॉशिंग्टनचे दूत कामाला लागले होते आणि १२ जानेवारी २००२ च्या भाषणात जनरल मुशर्रफ यांनी लष्कर-ए-तैयबा व जैश-ए-मोहम्मद या संघटनांवर बंदी घालून जगाकडून शाबासकीही मिळवली होती. मे महिन्यात कालूचकला जवानांच्या कुटुंबीयांची हत्या झाली. तरीही सैन्य उभेच राहिले आणि ऑक्टोबरात परत फिरले. युद्ध झाले नाही. मात्र सुरुंग पेरताना, ते काढताना आणि अपघातांत शेकडो जवान गमावले गेले. सैन्याने या अनुभवातून धडा घेतला. २००४ नंतर जिची चर्चा झाली ती 'कोल्ड स्टार्ट'ची कल्पना आणि पुढे उरीनंतर अकराव्या दिवशी झालेले लक्ष्यभेदी हल्ले, पुलवामानंतर बाराव्या दिवशी बालाकोटवर गेलेली मिराज विमाने, या सर्वांचे मूळ त्या दहा महिन्यांच्या फसलेल्या प्रतीक्षेत आहे.

देशांतर्गत आघाडीवर त्याच काळात काय घडले? कायदा झाला. 'पोटा'चे विधेयक राज्यसभेने फेटाळल्यावर २६ मार्च २००२ रोजी संसदेची संयुक्त बैठक बोलावण्यात आली. स्वतंत्र भारताच्या इतिहासातील ती अवघी तिसरी संयुक्त बैठक होती. विधेयक ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. दोन वर्षांनी सरकार बदलले, 'पोटा' रद्द झाला, आणि त्यातील बऱ्याच तरतुदी त्याच वर्षी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजेच 'यूएपीए'त, अलगद नेऊन ठेवण्यात आल्या. घर बदलले, सामान तेच राहिले. त्यानंतर २००८, २०१२ आणि २०१९ मध्ये या कायद्याची धार वाढवण्यात आली. हल्ला, संताप आणि नवी दुरुस्ती हा क्रम दिल्लीच्या इतक्या अंगवळणी पडला आहे, की आधीच्या दुरुस्तीने काय साधले, हे विचारण्याची प्रथाच राहिलेली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला या संदर्भात पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. १६६ जणांचा बळी जाऊनही मनमोहन सिंग सरकारने सीमेपलीकडे प्रहार केला नाही. तेव्हा परराष्ट्र सचिव असलेल्या शिवशंकर मेनन यांनी आपण स्वतः तात्काळ व दृश्य प्रत्युत्तराच्या बाजूचे होतो, पण मागे वळून पाहता संयमाचा निर्णय योग्य वाटतो, असे पुढे पुस्तकात लिहिले. या संयमावर टीका पुष्कळ झाली आणि निवडणुकांच्या सभांतून आजही होते. परंतु त्या वेळी भारताच्या हाती असे एक साधन होते, जे आधीच्या वा नंतरच्या मोठ्या सीमापार हल्ल्यांत क्वचितच मिळाले. तो होता जिवंत पकडलेला आरोपी. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यांच्या त्या काही क्षणांतून पुढचे सारे घडले. कसाबची जबानी, बोटीचा माग, दूरध्वनी संभाषणे यांचा दस्तऐवज ५ जानेवारी २००९ रोजी पाकिस्तानला देण्यात आला आणि हल्ल्याच्या कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेला, ही कबुली इस्लामाबादला १२ फेब्रुवारीला जाहीरपणे द्यावी लागली. पाकिस्तानच्या सरकारकडून अशी कबुली मिळवणे ना तत्पूर्वी पाच लाख फौजेला जमले होते, ना पुढे मिराज विमानांना जमले. कसाबचा खटला खुल्या न्यायालयात चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात संपला. त्या पुराव्याकडे परदेशी न्यायालयांनाही दुर्लक्ष करता आले नाही. तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत आणला गेला, तो याच धाग्याच्या टोकाशी.

राणाला ताब्यात घेणाऱ्या एनआयएचे तेव्हाचे महासंचालक सदानंद दाते हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी. कामा रुग्णालयात कसाब व त्याच्या साथीदाराशी झालेल्या चकमकीत ते जखमी झाले होते. योगायोग म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थ असा, की दिल्लीच्या मध्यवर्ती तपास संस्थेलाही अखेर माणूस लागतो तो राज्याच्या पोलीस दलात घडलेला.

आणि हे दल कोणत्या अवस्थेत होते, हे राम प्रधान समितीने नोंदवून ठेवले आहे. गुप्तवार्ता येत होत्या, पण त्यांची एकत्र छाननी करून वरिष्ठांपुढे मांडण्याची रीत कोलमडलेली होती. शीघ्र कृती पथकाला दारूगोळ्याअभावी सप्टेंबर २००७ पासून गोळीबाराचा सरावच मिळालेला नव्हता. दिल्लीने मात्र डिसेंबर २००८ मध्ये एनआयएचे विधेयक आणि यूएपीएची दुरुस्ती दोन्ही सभागृहांतून दोन दिवसांत संमत करून घेतली. राष्ट्रीय सुरक्षा दलाची केंद्रे पुढच्या वर्षी मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकात्यात उभी राहिली. जे केंद्राच्या एका स्वाक्षरीने होणारे होते, ते झाले.

जे एका स्वाक्षरीने होणारे नव्हते, त्याची कथा राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची, अर्थात 'एनसीटीसी'ची. पी. चिदंबरम यांच्या गृहमंत्रालयाने ३ फेब्रुवारी २०१२ रोजी आदेश काढला. १ मार्चपासून हे केंद्र गुप्तवार्ता विभागाच्या अखत्यारीत सुरू होणार होते आणि त्याला यूएपीएखाली झडती व अटकेचे अधिकार मिळणार होते. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचे पहिलेच दोन विषय. साहजिकच मुख्यमंत्री खवळले. ममता बॅनर्जी तेव्हा सत्तारूढ आघाडीत होत्या. नवीन पटनायक, जयललिता, नीतीशकुमार आणि गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही विरोध केला. ५ मे रोजी दिल्लीत मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, पुढच्या वर्षी सुधारित मसुदा पुढे आला, आणि तोही बासनात गेला.

मुख्यमंत्र्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या आणि संसदेला उत्तरदायी नसलेल्या विभागाला अटकेचा अधिकार देणे हे जगातील बहुतेक लोकशाही देश टाळतात. तो अधिकार वगळून केवळ समन्वयाचे केंद्र उभारता आले असते. पण तेव्हा सरकारने आधी आदेश काढला आणि नंतर सल्लामसलत सुरू केली. मोदी २०१४ मध्ये पंतप्रधान झाले, तरी एनसीटीसी पुन्हा वर आले नाही. त्याऐवजी बहुसंस्था केंद्राचा विस्तार, नॅटग्रीड आणि २०१९ मध्ये एनआयएला परदेशांतील गुन्ह्यांच्या तपासाची मुभा, असा आडवाटेचा मार्ग निवडण्यात आला. प्रतिनियुक्तीवर दिल्लीत आलेल्या अधिकाऱ्यांना यातील गंमत सर्वाधिक कळते. राज्यात असताना केंद्राकडून येणाऱ्या इशाऱ्यांना तारीख-वार नसतो, ही त्यांची तक्रार असते. दिल्लीत आले की इशारा देऊनही राज्ये हलत नाहीत, ही तक्रार सुरू होते. दोन्ही खऱ्या आहेत.

या सगळ्याचा हिशेब अखेर न्यायालयात द्यावा लागतो. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व बारा दोषींना निर्दोष ठरवले. विशेष न्यायालयाने त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना तुरुंगात परत पाठवले नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सर्व सात आरोपी एनआयएच्या विशेष न्यायालयातून सुटले. एका खटल्यातील आरोपी एका धर्माचे, दुसऱ्यातील दुसऱ्या. त्यामुळे ज्याला जो निकाल आवडला, त्याने त्याचे स्वागत केले. रेल्वेतील १८० हून अधिक आणि मालेगावातील सहा मृतांच्या कुटुंबीयांच्या पदरी मात्र एकच उत्तर आले, की गुन्हेगार कोण ते सिद्ध झाले नाही. मोक्का होता, यूएपीए होता, जामीन जवळपास अशक्य होता, आरोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत होती. ओळखपरेड, जबाब, जप्तीची साखळी या साध्या गोष्टी न्यायालयात टिकल्या नाहीत.

आता यात नवी भर पडली आहे. १० मे २०२५ रोजी सरकारी सूत्रांनी स्पष्ट केले, की यापुढील कोणतेही दहशतवादी कृत्य युद्धाची कृती मानले जाईल. दोन दिवसांनी पंतप्रधानांनी दहशतवादी आणि त्यांना पोसणारे सरकार यांच्यात फरक केला जाणार नाही, असे सांगितले. हे धोरण गांभीर्याने घ्यावयाचे, तर घटनास्थळी पोहोचलेल्या पहिल्या फौजदाराचा पंचनामा हा यापुढे युद्ध व शांतता यांच्या निर्णयाचा कागद ठरतो. त्याच्या मदतीला काय आहे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट बंधनकारक केली. परंतु तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत सवलतही दिली. दहशतवादी कृत्याचा गुन्हा यूएपीएखाली नोंदवायचा की भारतीय न्याय संहितेखाली, हे ठरवण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे सोपवला आहे.

या धोरणाची पहिली परीक्षा दिल्लीतच झाली. १० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ मोटारीत स्फोट होऊन दहाहून अधिक जण ठार झाले. १२ तारखेच्या मंत्रिमंडळाच्या ठरावात हे देशविरोधी शक्तींनी घडवलेले दहशतवादी कृत्य असल्याचे म्हटले गेले. कोणत्याही देशाचे नाव घेतले गेले नाही आणि सीमेपलीकडे प्रहारही झाला नाही. तपास पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे शहाणपण या वेळी सरकारने दाखवले, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

या कटाचा मोठा भाग स्फोटाआधीच उघडकीस आला होता, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. ऑक्टोबरात श्रीनगरच्या नौगाम भागात जैशच्या नावाची काही भित्तिपत्रके लागली होती. असली पत्रके फाडून टाकून विषय संपवणे सोपे होते. जम्मू-काश्मीर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, कॅमेऱ्यांतील चित्रण तपासले, पत्रके लावणाऱ्यांना पकडले आणि तो माग काढत ते शोपियानमार्गे हरियाणातील फरिदाबादपर्यंत, डॉक्टरांच्या एका गटापर्यंत पोहोचले. स्फोटके बनवण्याचे सुमारे २,९०० किलो साहित्य जप्त झाले. त्या गटातील एकजण निसटला आणि लाल किल्ल्याजवळचा स्फोट त्याने घडवला. उरलेले साहित्य वापरले गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना दिल्लीकरांनी करून पाहावी.

गुन्हा नौगाम ठाण्यात नोंदलेला असल्याने जप्त मुद्देमालही तेथेच नेण्यात आला. १४ नोव्हेंबरच्या रात्री त्याचे नमुने घेण्याचे काम चालू असताना अपघाताने स्फोट झाला आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. त्यांत न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे कर्मचारी होते, गुन्हे शाखेचे छायाचित्रकार होते, पंच म्हणून आलेले महसूल खात्याचे लोक होते, आणि नमुन्यांच्या पिशव्या शिवून देण्यासाठी बोलावलेला जवळचाच एक शिंपी होता.