दिसायला बंदूक, आतून पिचकारी

मुंबई-पुण्याच्या आसपास पेंटबॉलची मैदाने निघाली, तेव्हापासून खेळाच्या सामानाच्या दुकानांत 'मार्कर'ची विचारणा होऊ लागली आहे. माल नवा आहे आणि दिसायला हत्यारासारखा आहे. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी त्याची हकीकत व्यापारी बांधवांनी समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

मूळात हे अवजार अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी निघाले; 'मार्कर' हे नाव त्यावरूनच पडले. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यात बारा जणांनी त्याचा पहिला खेळ मांडला.

खऱ्या बंदुकीत दारू पेटते आणि शिशाची गोळी सुटते. मार्करमध्ये दारू नसते. कार्बन डायऑक्साइड किंवा दाबलेली हवा रंगाची गोळी ढकलते. ही गोळी सुमारे १७ मि.मी. जाडीची, ३ ग्रॅम वजनाची. मैदानावर तिचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटरच्या वर जाऊ देत नाहीत. हिशेब केला तर जोर १२ ज्यूलच्या आसपास येतो. ९ मि.मी. पिस्तुलाच्या गोळीचा जोर ५०० ज्यूलच्या घरात असतो. तरीही उघड्या डोळ्यावर बसली तर रंगाची गोळी डोळा घालवू शकते. म्हणून मुखवट्याशिवाय मार्कर विकू नये.

मार्करचे प्रकार मुख्यतः तीन. पंपाच्या मार्करला दर गोळीमागे हाताने दट्ट्या ओढावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये घोडा दाबला की पुढची गोळी आपोआप चढते. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये बॅटरीवर झडप उघडते. गोळ्यांचा डबा बहुधा वर असतो. पण काहींत रायफलीसारखे खालून मॅगझिन लागते. हेच दुरून खऱ्या हत्यारासारखे दिसतात. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीला नारिंगी टोक लावण्याचा १९८८ चा कायदा आहे, पण पेंटबॉलला त्यातून सूट आहे. तेव्हा रंगावरून ओळख पटेल, या भरवशावर राहू नये.

आमच्या कापडवाल्यांच्या नजरेने सांगायचे तर आजचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, डाग धुऊन निघतो. पण गोळीचे कवच औषधी कॅप्सूलसारखे जिलेटिनचे असते आणि जिलेटिन डुकराचेही असू शकते. पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्यावा, मसला उलेमांना विचारावा.

कायद्याचेही पाहावे. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवाई बंदुकीची सवलत ४.५ मि.मी. नळी आणि २० ज्यूलपर्यंतच आहे. मार्करची नळी त्याहून कितीतरी मोठी. 'खेळणे आहे' असे गृहीत धरू नये. परवाना शाखेत आणि कस्टम एजंटाकडे आधी चौकशी करावी, पावतीवर मालाचे खरे नाव लिहावे. गिऱ्हाइकाला बजावावे की मार्कर पेटीत बंद करूनच न्यावा. रस्त्यात उघडा मार्कर घेऊन फिरणाऱ्या पोराकडे पाहून पोलीस आत दारू आहे की हवा, हे तपासत बसणार नाहीत.

बांधवावर मस्करीतही हत्यार रोखू नये, ही नबी करीम (स.) यांची शिकवण आहे. विकणाऱ्यानेही ती ध्यानात ठेवावी.