रहीम मास्तरांची शाळा

हैदराबाद म्हटले की चारमिनार आठवतो, निजामाची दौलत आठवते. फुटबॉल सहसा आठवत नाही. तथापि भारतीय फुटबॉलने जे वैभवाचे दिवस पाहिले, त्यांचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचेच. पेशाने ते शाळामास्तर. स्वतः खेळाडू म्हणून मैदान पाहिल्यानंतर १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे हाती घेतली आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक लागोपाठ पाच वर्षे जिंकला.

भारतीय संघाने त्यांच्या हाताखाली १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत, बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या आपल्या संघाचा युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडविला. त्यानंतर चारच वर्षांनी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीत पोहोचला. हे दैवयोगाने घडत नाही. त्यामागे शिक्षकाची चिकाटी असते.

१९६२ साली जाकार्तात ती कसोटीला लागली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरविले होते. इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याच्या वादामुळे प्रेक्षकही भारताच्या विरोधात गेले होते. अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच होता. डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस रहीम यांनी आघाडीवर खेळविले. त्याने एक व पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला आणि भारत २-१ असा विजयी झाला. त्या विजयी चमूत मूळचे आमच्या कोलवाळचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते, याचा गोमंतकास अभिमान वाटावा. कर्करोगाने ग्रासलेले रहीम ११ जून १९६३ रोजी निवर्तले. भारताला त्यानंतर आशियाई फुटबॉलचे सुवर्ण लाभलेले नाही.

२०२२ साली हैदराबाद एफसीने आमच्याच फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीग जिंकली. मार्गदर्शक स्पेनचे होते. २०२५ साली तो संघच हैदराबाद सोडून दिल्लीस गेला. संघ विकत घेता येतो, हलविताही येतो. पण मुले घडविणारा मास्तर असा उचलून नेता येत नाही. तो गावातच निर्माण व्हावा लागतो. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोव्याने परदेशी मार्गदर्शकांवर खर्च जरूर करावा. परंतु शाळाशाळांतील क्रीडाशिक्षकास प्रशिक्षण, प्रतिष्ठा आणि पुरेसा वेळ देण्याचे काम त्याआधी व्हावयास हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.