स्वीडिशमधील 'दू' आणि मराठी भाषक

स्वीडनमध्ये स्थायिक होणाऱ्या प्रौढांसाठी तेथील नगरपालिका स्वीडिशचे विनामूल्य वर्ग चालवतात. अशा वर्गात वयाने ज्येष्ठ शिक्षिकेला 'दू', म्हणजे 'तू', म्हणताना मराठी भाषकाची जीभ अडखळते. मग तो 'तुम्ही'च्या धर्तीवर 'नी' हे अनेकवचनी सर्वनाम योजतो. मराठीच्या दृष्टीने ही निवड बिनचूक आहे. अडचण आहे ती स्वीडिशच्या इतिहासात. पूर्वी तेथे प्रतिष्ठितांना सर्वनामाने संबोधीत नसत. 'डॉक्टरांना कॉफी हवी का?' असे समोरासमोरही तृतीय पुरुषात विचारीत. 'नी' उरले ते मुख्यतः पदवी नसलेल्यांसाठी, आणि त्याला तुच्छतेची छटा चिकटली. १९६७ मध्ये वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी सर्व सहकाऱ्यांना 'दू' म्हणण्याचे जाहीर केले. आधीच सुरू असलेल्या बदलाला त्याने वेग आला. आजही काही वृद्धांना 'नी' खटकते.

मराठीत आदर क्रियापदातही उतरतो: 'तू येतोस', 'तुम्ही येता'. स्वीडिशमध्ये 'दू कॉमर', 'नी कॉमर', रूप एकच. सौजन्य तेथे बोलण्याच्या सुरात असते, आणि कॉफी मागतानाही वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'तक्क', म्हणजे 'आभार', या छोट्या शब्दात.