जुने विमान, नवी परीक्षा

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळीच्या परिसरात एक मोठे माळरान लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. आज ती वापरात नाही. त्या जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपण येथे विचार करू तो त्या काळातल्या विमानांचा आणि ती आजही उडवणाऱ्या वैमानिकांचा.

सायकल एकदा शिकली की विसरत नाही, असे आपण म्हणतो. विमानाचेही तसेच असेल का? विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अमेरिकेत हौशी वैमानिकालाही दर 24 महिन्यांत एकदा प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी लागते. त्यात किमान एक तास जमिनीवर चर्चा आणि किमान एक तास उड्डाण असते. प्रवासी विमानांच्या वैमानिकांची तपासणी तर साधारणपणे दर सहा महिन्यांनी होते. हौशी वैमानिकाच्या उजळणीचे वैशिष्ट्य असे, की तीत ‘नापास’ असा शेरा नसतो. प्रशिक्षकाचे समाधान झाले तर तो वैमानिकाच्या नोंदवहीत तशी नोंद करतो. नाही झाले तर आणखी सराव करायचा, एवढेच.

वैमानिकाला ज्या प्रकारचे विमान उडवण्याची परवानगी आहे, त्या विमानात ही उजळणी करता येते. म्हणून काही जण ती मुद्दाम 1930-40 च्या काळातल्या विमानात करतात. जुने विमान वैमानिकाच्या चुका झाकत नाही. असे का, ते तीन उदाहरणांनी पाहू.

पहिले : शेपटीचे चाक

आजच्या बहुतेक विमानांना नाकाखाली एक चाक आणि त्यामागे दोन मुख्य चाके असतात. पूर्वीच्या विमानांना दोन मुख्य चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असे. म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे येतो. उतरल्यावर विमान धावपट्टीवर थोडे तिरपे झाले, तर मुख्य चाकांची जमिनीवरची पकड पुढच्या भागाला आडवी अडवते. पण मागे असलेला गुरुत्वमध्य जडत्वामुळे सरळच जाऊ पाहतो. परिणामी तिरपेपणा वाढत जातो आणि वेळीच सावरले नाही तर विमान गर्रकन फिरून उलट्या तोंडाने थांबते. पंख जमिनीला घासतो, चाके मोडतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे तेच बल विमानाला पुन्हा सरळ करते.

हे वर्गात दाखवता येते. चारही चाके मोकळी फिरणारी एक खेळण्यातली मोटार घ्या. मागची दोन चाके चिकटपट्टीने घट्ट बांधा, म्हणजे ती फिरणार नाहीत. गुळगुळीत फळी तिरपी धरून मोटार सोडा. ती बहुधा गर्रकन फिरून पाठीमागून खाली येईल. आता मागची चाके मोकळी करून पुढची बांधा. मोटार सरळ उतरेल. फिरणारे चाक आडव्या दिशेला घट्ट पकड ठेवते. घसरणारे चाक तसे ठेवू शकत नाही. ही पकड गुरुत्वमध्याच्या पुढे असेल तर वाहन अस्थिर होते, मागे असेल तर स्थिर राहते.

जुन्या विमानाच्या वैमानिकाला म्हणूनच विमान थांबेपर्यंत पाय जागे ठेवावे लागतात. सुकाणू पायांनीच चालते. शिवाय जमिनीवर विमानाचे नाक वर असल्याने समोरचे नीट दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या कडांवर नजर ठेवून दिशा राखावी लागते.

दुसरे : वळणे

विमान डावीकडे कलवायचे असेल तर उजव्या पंखाच्या टोकाची झडप खाली आणि डाव्या पंखाची वर केली जाते. उजव्या पंखाला वर उचलणारे बल वाढते, पण त्याचबरोबर हवेचा विरोधही वाढतो. त्यामुळे वळायचे डावीकडे असूनही नाक क्षणभर उजवीकडे जाते. नव्या विमानांत रचनेनेच हा दोष बराच कमी केलेला असतो, म्हणून वैमानिकाचे पाय आळशी होतात. जुन्या विमानात सुकाणू वापरलेच पाहिजे.

तिसरे : हवेतला आधार सुटणे

पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण 15 अंशांच्या पुढे गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान खाली येऊ लागते. सरळ उड्डाणात हे ताशी 80 किलोमीटर वेगाला घडत असेल, तर उंची कायम ठेवून 60 अंश कललेल्या वळणात पंखांना दुप्पट बल द्यावे लागते. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून किमान वेग 2 च्या वर्गमूळपट, म्हणजे सुमारे ताशी 113 किलोमीटर होतो. जो वेग सरळ जाताना सुरक्षित असतो, तोच वळताना धोक्याचा ठरू शकतो. उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण जमिनीजवळ घेतले जाते आणि तेथे चूक सुधारायला उंची शिल्लक नसते. म्हणून प्रशिक्षक या गोष्टी भरपूर उंचीवर नेऊन पुन्हा करायला लावतो.

आपल्या जवळचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी त्यांनी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. बरोबर 50 वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ या तशाच जुन्या विमानातून कराची ते मुंबई हे उड्डाण एकट्याने पुन्हा केले. शेपटीवर टेकणाऱ्या या विमानाचा स्वभाव त्या 50 वर्षांत बदलला नव्हता. ते जुहूला उतरवताना हाता-पायांची सवय ताजी असणे आवश्यकच होते. पहिल्या परवान्याचा मान तेथे उपयोगी पडत नाही.

कौशल्य कमी होते तेव्हा ते आपल्याला कळत नाही, ही यातली खरी अडचण आहे. रोजची उड्डाणे सुरळीत पार पडतात, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. अनेक वर्षे तोच धडा शिकवणाऱ्या आपणा शिक्षकांनाही हे लागू पडते. एखाद्या सहकाऱ्याला वर्गात मागच्या बाकावर बसवून आपला तास पाहायला सांगितले, तर तीही अशीच उजळणी होईल. तीत नापास होण्याचा प्रश्न नाही. फक्त कुठे पाय आळशी झाले आहेत, ते कळेल.