'पाहिजे' या शब्दाचीं इंग्रजी भावंडें

शाळेंत इंग्रजीच्या पहिल्या वर्षीं 'वॉन्ट म्हणजे पाहिजे' असें एकदां पाठ झालें, कीं तें आयुष्यभर पुसलें जात नाहीं. नोकरीच्या अर्जांत, वरिष्ठांना लिहिलेल्या चिठ्ठींत, पाहुणा म्हणून गेलेल्या घरीं चहाच्या टेबलापाशीं, सर्वत्र तोच एक शब्द पुढें येतो. 'आय वॉन्ट टू डेज लीव्ह' या वाक्यांत व्याकरणाची चूक शोधूनही सांपडावयाची नाहीं. तरी तें वाचून ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा वरिष्ठाच्या कपाळाला आठी पडते. त्याच्या कानाला तें 'दोन दिवसांची रजा टाका इकडे' असें ऐकूं येतें. लिहिणाऱ्याच्या मनांत उद्धटपणाचा लेशही नसतो. आपलें साधें मराठी वाक्य त्यानें इंग्रजींत नेऊन ठेवलेलें असतें, इतकेंच.

याचें एक कारण दोन्ही भाषांच्या वाक्यरचनेंत आहे. 'मला आंबा हवा', 'मला साडी हवी', 'मला पुस्तक हवें' या वाक्यांत क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणें बदलतें आणि माणूस बिचारा चतुर्थींत बाजूला उभा असतो. 'पाहिजे' हें रूप तर मुळांत 'पाहणें' या धातूचें जुनें कर्मणि रूप होय. वस्तु पाहिली जाते, शोधली जाते, एवढाच त्याचा मूळ आशय. इंग्रजींत मात्र 'आय' पुढें सरसावतो आणि वस्तूवर हक्क सांगतो. गंमत अशी कीं, हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी या बाबतींत मराठीच्या पुष्कळ जवळ होती. आज 'आय लाइक' म्हणणाऱ्यांचे पूर्वज 'मला तें आवडतें' याच धर्तीवर बोलत. आवडणारी वस्तु कर्ता आणि माणूस चतुर्थींत. पुढें नामांचे विभक्तिप्रत्यय गळून पडले, वाक्यांतील पहिली जागा कर्त्याची ठरली, आणि 'मला' उठून गेल्यावर तेथें 'मी' येऊन बसला.

खुद्द 'वॉन्ट' हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हे. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत जे नॉर्स लोक येऊन राहिले त्यांच्या बोलींतून तो आला, आणि तेथें त्याचा अर्थ 'उणें असणें, कमी पडणें' असा होता. त्याच कुळांतील आइसलँडच्या भाषेंत 'मिग वान्तार' म्हणजे 'मला उणें आहे' ही रचना आजही रोजच्या बोलण्यांत आहे. इ. स. १२०० च्या सुमारास इंग्रजींत शिरल्यावर जवळजवळ पांचशें वर्षें 'वॉन्ट' चा मुख्य अर्थ उणीव हाच राहिला. जें उणें आहे तें माणसाला हवेंसेंही वाटतें, या वाटेनें इच्छेचा अर्थ त्याला चिकटला तो अठराव्या शतकाच्या आरंभास. म्हणून १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तेविसाव्या स्तोत्राच्या आरंभीं जो 'वॉन्ट' भेटतो, तेथें भक्ताला आपल्याला कांहीं उणें पडणार नाहीं असें सांगावयाचें आहे. त्याला कांहीं नको आहे, असा अर्थ लावणारे वाचक आजही भेटतात.

हा जुना अर्थ मेला असें समजणें महागांत पडतें. ६ जानेवारी १९४१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं तेथील काँग्रेसपुढें चार स्वातंत्र्यें मांडलीं: भाषणाचें, उपासनेचें, आणि त्यानंतर 'फ्रीडम फ्रॉम वॉन्ट' व 'फ्रीडम फ्रॉम फिअर'. यांतील तिसरें मराठींत कसें आणावें? कोश उघडून कोणी 'इच्छेपासून मुक्ति' असें लिहिलें, तर रूझवेल्टसाहेब एकदम वेदान्ती ठरतात आणि अमेरिकन शेतकऱ्याला स्थितप्रज्ञ होण्याचा उपदेश केल्यासारखें होतें! त्यांचें म्हणणें त्याच्या अगदीं उलट होतें. माणसाच्या घरांत अन्नवस्त्राची ददात नसावी, असें त्यांना म्हणावयाचें होतें. आणि 'ददात' हा मराठी शब्द येथें जितका चपखल बसतो तितका 'गरज' बसत नाहीं, 'अभाव' तर नाहींच नाहीं. १९४२ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें विल्यम बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला. पुनर्रचनेच्या वाटेवर उभे असलेले पांच राक्षस त्यांत वर्णिले आहेत, आणि त्यांतील एकाचें नांव 'वॉन्ट' असें आहे. १९४३ च्या मार्चमध्यें नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराचें 'फ्रीडम फ्रॉम वॉन्ट' हें चित्र एका अमेरिकन साप्ताहिकांत छापलें गेलें: जेवणाचें टेबल, भोंवतीं हंसतमुख कुटुंब, आणि आजीबाईंच्या हातांत भाजलेला भला मोठा टर्की पक्षी. त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लाखों माणसें मृत्युमुखीं पडत होतीं. त्या माणसांच्या स्थितीला इंग्रजींत 'वॉन्ट' म्हणतात, आणि तिच्याशीं इच्छा जिंकण्याच्या उपदेशाचा कांहीं संबंध नाहीं. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या प्रस्तावनेंतही हाच शब्द याच अर्थानें आला आहे. भाषांतरकारानें तेथें जपून पाऊल टाकावें.

'विश' ची गोष्ट निराळी. ऐकतांना तो परका वाटला तरी मराठीचा दूरचा आप्तच आहे. संस्कृत 'वाञ्छा' आणि इंग्रजी 'विश' हे एकाच मूळ धातूपासून निघालेले. पसायदानांत ज्ञानदेवांनीं योजिलेलें 'वांछिणें' हें क्रियापद याच घराण्यांतलें. मात्र इंग्रजींत या शब्दाचा स्वभाव असा बनला आहे कीं, त्याच्या पुढें पूर्ण वाक्य आलें तर ती इच्छा बहुधा हातांतून निसटलेली असते. 'आय विश ही वेअर हिअर' म्हणणाऱ्याचा माणूस तेथें नसतो; मराठींत त्याला 'तो येथें असता तर!' असें म्हणावें लागेल. परीक्षेस बसणाऱ्या मुलाला 'आय विश यू विल पास' असें लिहिणारा बाप नकळत अपशकुनाच्या वाटेनें जातो. होण्याजोग्या गोष्टीसाठीं तेथें 'होप' हवा. पुढें नुसतें नाम आलें, जसें 'सक्सेस' किंवा 'गुड लक', तर मात्र 'विश' हा निखळ आशीर्वाद होय.

'डिझायर' दोन घरीं नांदतो. कादंबरींत तो तप्त, देहाची वासना सांगणारा. कचेरींत तो बर्फासारखा थंड. साहेबांनीं अमुक एक 'डिझायर' केलें आहे असें टिपणीवर लिहून आलें, कीं तो हुकूम समजावा, हें हिंदुस्थानांतील कारकुनाला कोणी शिकवावें लागत नाहीं. हाच शब्द कचेरींतून उचलून खासगी पत्रांत, विशेषतः अल्पपरिचित स्त्रीस लिहिलेल्या पत्रांत, घालणें धोक्याचें आहे.

'क्रेव्ह' हा एके काळीं हक्कानें मागण्याचा शब्द होता. आज मन नको म्हणत असतांही शरीर जें मागतें तें 'क्रेव्हिंग': गर्भिणीचे डोहाळे, तंबाखू सोडलेल्याची तलफ. 'लाँग' म्हणजे ओढ, 'यर्न' म्हणजे हुरहूर. या दोहोंत वस्तु दूर असते आणि तो दुरावा गोडही लागतो. 'कव्हेट' मध्यें वस्तु जवळच असते, पण शेजाऱ्याची! बायबलच्या दहाव्या आज्ञेंत शेजाऱ्याच्या घरापासून गाढवापर्यंत यादी दिली आहे ती याच शब्दाखालीं.

राहिला 'नीड'. डॉक्टर रोग्याला 'यू नीड रेस्ट' म्हणतो, त्या वेळीं रोग्याला विश्रांति घ्यावीशी वाटते कीं नाहीं हा प्रश्नच नसतो. मराठींत 'तुम्हांला विश्रांति पाहिजे' आणि 'मला लाडू पाहिजे' हीं वाक्यें एकाच सांच्यांतलीं. इंग्रजींत त्यांची वाटणी होते. अर्थात् इंग्रजही ही वाटणी नेहमीं पाळतात असें नाहीं. 'यू वॉन्ट टू सी अ डॉक्टर' असें एखादी लंडनची घरमालकीण म्हणाली, तर 'मला कोठें इच्छा आहे?' असें भाडेकरू विद्यार्थ्यानें उत्तर देऊं नये. डॉक्टरला दाखवा, तब्येत बरी दिसत नाहीं, असें ती बाई सांगत असते. 'युवर हेअर वॉन्ट्स कटिंग' मध्यें केसांना कांहीं इच्छा झालेली नसते. नॉर्स लोकांची ती जुनी उणीव येथें अजून डोकें वर काढून आहे.

रजेच्या अर्जापुरतें म्हणाल, तर 'आय शुड बी ग्रेटफुल फॉर टू डेज लीव्ह' असें लिहावें. चहाच्या टेबलापाशीं 'आय शुड लाइक' किंवा 'आय वुड लाइक' म्हणावें. 'वॉन्ट' मित्राजवळ, भावंडांत आणि बाजारांत खुशाल वापरावा; आणि घरांतील लहान मूल 'आय वॉन्ट' म्हणूं लागलें तर इंग्रज आई पुढें 'प्लीज' म्हणावयास लावते, तेवढें येथेंही लावावें.