फॉरमॅट मारण्याआधी

अपग्रेडनंतर सुरूच न होणारा लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला की हमखास ऐकायला मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ लगेच होकार देऊ नका. बहुतेक वेळा बिघडलेली असते ती सुरू होण्याच्या साखळीतली एखादी कडी. तुमचे फोटो, हिशेब, प्रबंधाची प्रकरणं डिस्कवर जागच्या जागी असतात. फॉरमॅटमध्ये नेमकं तेच आधी जातं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. त्यामुळे विंडोज ११ घालण्याची लगबग वाढली आहे, म्हणून ही साखळी नीट समजून घ्यायला हवी.

बटण दाबलं की आधी जागा होतो मदरबोर्डवरच्या चिपमधला यूईएफआय हा प्रोग्रॅम. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि डिस्कच्या एरवी न दिसणाऱ्या छोट्या भागातून बूटलोडर उचलतो. बूटलोडर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणतो. आता पेच असा की, कर्नलला डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच! लिनक्समध्ये यासाठी अत्यावश्यक ड्रायव्हरांचं एक गाठोडं कर्नलबरोबरच मेमरीत चढवतात. त्याचं नाव इनिटरॅमएफएस. अपग्रेडच्या वेळी ते नव्याने बांधलं जातं. ‘बूट’ विभागात जागा उरली नसेल तर काम अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ उमटतं, सोबत ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’. शब्द भयंकर, अर्थ साधा: कर्नलला आपली डिस्क सापडली नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीत आधीचा कर्नल सहसा राखून ठेवलेला असतो. सुरू होताना एस्केप दाबून ग्रब या बूटलोडरचा मेनू आणायचा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडायचा. मशीन चालू झालं की जागा मोकळी करून गाठोडं पुन्हा बांधायचं. फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही.

विंडोजमध्येही कुठे अडलं ते आधी पाहा. कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर दोष बहुधा हार्डवेअरचा. लोगो येऊन ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसलं तर बूटलोडर किंवा डिस्क. ठिपके गोल फिरून निळा पडदा आला तर संशय ड्रायव्हरवर. विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू झालं नाही की दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. तिथे आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघा. नाही जमलं तर तिथूनच शेवटचं अपडेट काढता येतं. आधीच्या आवृत्तीवर परतायला एरवी १० दिवसांची मुदत असते.

मोठं उदाहरण घ्या: १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळ, बँका, रुग्णालयं खोळंबली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणं. डेटा शाबूत होता. अनेक ठिकाणी खरा खोळंबा झाला तो बिटलॉकरपाशी.

बिटलॉकर डिस्कला कुलूप घालतं आणि साखळीत बदल जाणवला की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप अनेकदा मालकाच्या नकळत लागलेलं असतं. की हाताशी नसेल तर निष्णात तंत्रज्ञही हात टेकतो. की असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, काहीही इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडायचं आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. दुरुस्तीला हात त्यानंतरच घाला.

लॅपटॉप धड चालतो आहे तोवर, आजच, मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ही की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.