जुना संगणक व मोठी डिस्क

महाराष्ट्रांत संगणकाचें शिक्षण सामान्य घरांपर्यंत पोंचलें, तें पुष्कळ अंशीं २००१ सालीं सुरू झालेल्या एम. एस.-सी. आय. टी. या अभ्यासक्रमामुळें. त्या काळापासून पुढें जालना, अंबड, परतूर, भोकरदन अशा गांवीं हौसेनें घेतलेले कित्येक संगणक आतां जुने झाले आहेत. ते मोडींत द्यावे, कीं नवी मोठी डिस्क बसवून मुलांच्या अभ्यासास लावावे, असा प्रश्न पालक आम्हांस विचारतात. कोणी तीन टेराबाइटांची डिस्क आणतो, तर संगणक ती चौथाईचीच आहे असें दाखवितो. कोणी तींत ऑपरेटिंग सिस्टिम बसवितो, तर ती चालूच होत नाहीं. मग दुकानदारानें फसविलें असा संशय येतो. निरपराध माणसावर आळ येऊं नये व कष्टाचा पैसा वायां जाऊं नये, म्हणून यामागील कारण समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं टपालाचा सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ महाराष्ट्रीय अधिकाऱ्यानें केली. जालन्याचा ४३१२०३ हा क्रमांक सर्वांस पाठ आहे. आतां विचार करा: सहा अंकांत दहा लक्षांहून अधिक निरनिराळे क्रमांक होऊंच शकत नाहींत. त्यापुढील ठिकाण कितीही खरें असलें, तरी तें सांगावयास क्रमांकच उरणार नाहीं. जुन्या संगणकाची अडचण नेमकी हीच होय.

डिस्क म्हणजे असंख्य खणांची एक पेटी समजावी. प्रत्येक खणास सेक्टर म्हणतात व त्यांत परंपरेनें ५१२ बाइट मजकूर मावतो. संगणक चालू करतांच प्रथम जागा होतो तो 'बायोस' नांवाचा लहानसा प्रोग्राम. तो डिस्कवरील सुरुवातीचे खण वाचून ऑपरेटिंग सिस्टिमला उठवितो, आणि त्यानंतर ती आपला कारभार आपण पाहते. ज्या खणाचा क्रमांक बायोसला उच्चारतां येत नाहीं, तो खण त्याच्या दृष्टीनें नाहींच.

या मर्यादा एकामागून एक आल्या. प्रारंभीं १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर एवढेंच मोजतां येई. त्यांचा गुणाकार केल्यास १०,३२,१९२ खण, म्हणजे सुमारें ५२ कोटी ८४ लक्ष बाइट होतात. युक्तीनें हेडांची संख्या वाढविल्यावर ही मर्यादा सुमारें ८.४ गिगाबाइटांवर गेली. पुढें खणांस सरळ क्रमांक देण्याची रीत आली. तिच्यांत २८ बिटांचा क्रमांक असे, म्हणून १३७ गिगाबाइटांशीं वाट थांबली. २००२ च्या सुमारास ४८ बिटांची रीत रूढ झाली व विंडोज एक्सपीस तिचें ज्ञान त्याच वर्षींच्या सर्व्हिस पॅक १ पासून झालें.

यांहून निराळी एक अडचण आहे. डिस्कचे विभाग कोठें सुरू होतात व केवढे आहेत, हें लिहिण्याची जी जुनी नोंदवही १९८३ पासून चालत आली, तिला एम. बी. आर. म्हणतात. तींत क्रमांकासाठीं ३२ बिट आहेत. म्हणून सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडील जमीन तिच्यांत नोंदवितां येत नाहीं. तीन टेराबाइटांतून २.२ वजा केले, कीं राहतात सुमारें ०.८. मोठ्या क्रमांकाचे पुढचे अंक गळून पडल्यानें कित्येक जुनीं यंत्रें हा उरलेला आंकडाच दाखवितात. दुकानदाराचा यांत कांहींच दोष नाहीं. तसेंच विकणारा दहाच्या पटीनें मोजतो व विंडोज १,०२४ च्या पटीनें मोजते. म्हणून धडधाकट एक टेराबाइटाची डिस्कही ९३१ गिगाबाइटांची दिसते.

परंतु अंक गळण्याचा परिणाम आंकडा लहान दिसण्यावर थांबत नाहीं. सहा घरांच्या चौकटींत १०००००१ लिहूं गेल्यास शेवटीं ०००००१ उरतें. त्याचप्रमाणें मर्यादेपलीकडे लिहावयाचा मजकूर कधीं कधीं डिस्कच्या आरंभींच जाऊन पडतो आणि तेथील नोंदवही व ऑपरेटिंग सिस्टिम पुसून टाकतो. डिस्क भरत येईपर्यंत सर्व सुरळीत चालतें आणि मग एके दिवशीं घरच्या लग्नाचीं छायाचित्रें, शेतीचा हिशेब, मुलांचे निबंध, सर्वच नाहींसें होतें. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घातल्यास दोहोंचाही नाश होतो, हा प्रभु येशूचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे.

मग उपाय काय? प्रथम, जुन्या डिस्कवरील सर्व मजकूर दुसरीकडे उतरून घ्यावा व ती नक्कल उघडून पाहावी. हें झाल्याखेरीज पुढें पाऊल टाकूं नये. दुसरें, यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें बायोसची सुधारलेली आवृत्ति काढली असल्यास ती जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी. तिसरें, लिनक्स बसवितांना डिस्कच्या अगदीं आरंभीं एक लहान विभाग ठेवून त्यांत सुरू होण्यास लागणाऱ्या फायली ठेवाव्या; तेवढें बायोसच्या आटोक्यांत राहिलें, कीं पुढील जागा लिनक्स स्वतः पाहते. चौथें, २.२ टेराबाइटांहून मोठ्या डिस्कवर जी. पी. टी. ही ६४ बिटांची नवी नोंदवही करावी. मात्र ध्यानांत ठेवावें, कीं अशा डिस्कवरून विंडोज सुरू व्हावयास जुन्या बायोसऐवजीं यू. ई. एफ. आय. लागतें; लिनक्स मात्र एक मेगाबाइटाचा खास विभाग राखल्यास बायोसवरही सुरू होते.

सर्वांत सोपी वाट अशी, कीं ऑपरेटिंग सिस्टिम लहान डिस्कवरच राहूं द्यावी व मोठी डिस्क केवळ मजकुरासाठीं दुसरी म्हणून जोडावी. तीही पूर्ण दिसते कीं नाहीं, हें अगोदर तपासून पाहावें. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ सालीं संपला, व विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. यास्तव जुन्या यंत्रावर मराठी चालणारी, सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स अगर तिच्यासारखी दुसरी लिनक्स त्या यंत्रास झेपते कीं नाहीं, हें पाहणें हितावह होय.

बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. आमच्या मुलांनींही डिस्क विकत घेण्यापूर्वीं आपल्या यंत्राची मर्यादा कागदावर मांडावी व मगच आईबापांपाशीं पैसे मागावे. एवढा विचार जो करील, त्याच्या घरचा जुना संगणक आणखी कांहीं वर्षें धाकट्या भावंडांच्या उपयोगीं पडेल.